सौरऊर्जेची परीक्षा संध्याकाळी

जून २०२५ मध्ये भारताच्या वीजक्षेत्राने एक महत्त्वाचा टप्पा ओलांडला. देशाची एकूण स्थापित वीजक्षमता सुमारे ४ लाख ८५ हजार मेगावॉटवर पोहोचली आणि तिच्यातील निम्म्याहून किंचित अधिक वाटा कोळसा किंवा वायू न जाळता चालणाऱ्या प्रकल्पांचा झाला. पॅरिस कराराअंतर्गत भारताने हे उद्दिष्ट २०३० सालासाठी ठेवले होते. ते पाच वर्षे आधीच गाठले गेले, ही कामगिरी निश्चितच मोठी आहे. पण म्हणून चंद्रपूर किंवा कोराडीच्या धुरांड्यांतून निघणारा धूर निम्म्यावर आलेला नाही. २०२४-२५ या वर्षात देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

क्षमता निम्मी आणि वीज मात्र पावपट, असे का होते? स्थापित क्षमता म्हणजे प्रकल्प पूर्ण ताकदीने चालला तर किती वीज देईल, याचा आकडा. सौर पॅनेलला रात्री सुट्टी असते, सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपे असते आणि पावसाळ्यात ढग असतात. त्यामुळे एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाकाठी साधारण १७ ते १८ लाख युनिट देतो, तर तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच ६० लाख युनिटांच्या आसपास वीज देतो. म्हणजे मेगावॉटच्या रकान्यात दोघे सारखे दिसले, तरी युनिटांच्या रकान्यात सौर प्रकल्प खूप मागे राहतो.

खरी अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. संध्याकाळी सहानंतर सौरवीज झपाट्याने शून्यावर येते. नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रेही चालू असतात. ही दरी भरून काढायला कोळसा लागतो. आणि औष्णिक संच म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, ती मोठी चूल आहे. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला बरेच तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी उपयोगी पडावेत म्हणून हे संच भर दुपारीही मंद आचेवर चालू ठेवावे लागतात. सध्या ते ५५ टक्के भारापर्यंत खाली आणणे अपेक्षित आहे आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर नेण्याचे धोरण आहे. आकाशात लख्ख ऊन असतानाही कोळसा जळत राहतो, तो यामुळे.

या जळणाची किंमत वीजबिलात दिसत नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. धुरातील अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजेच पीएम २.५, श्वासावाटे फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात. त्यातील सर्वांत सूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमा आणि श्वसनविकारांइतकाच त्यांचा संबंध हृदयविकार, पक्षाघात आणि कमी वजनाच्या बाळांच्या जन्माशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. भारताचे स्वतःचे मानक ४० आहे.

धुराड्यातून कणांबरोबर सल्फर डायऑक्साइड वायूही बाहेर पडतो. हवेत त्याचे सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि वाऱ्यासोबत ते शेकडो किलोमीटर जातात. हा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याची सक्ती डिसेंबर २०१५ मध्ये झाली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतांश औष्णिक संचांना त्यातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि हवेतील या वायूची पातळी मर्यादेत आहे, असा सरकारी युक्तिवाद आहे. मात्र वायूची पातळी मोजताना त्यापासून बनलेले सल्फेट कण त्यात मोजले जात नाहीत. धुरांड्यावरचा हा उपाय मागे पडल्यानंतर मुळात कोळसा कमी जाळणे हाच लोकांच्या फुप्फुसांसाठी मोठा आधार उरतो.

तो कमी जाळायचा तर दुपारची वीज संध्याकाळसाठी राखली पाहिजे. महाराष्ट्राला ही कल्पना नवीन नाही. अकोले तालुक्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून आहे. मागणी कमी असताना खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज बनवायची. चढवण्यासाठी १०० युनिट खर्च केले तर ७५ ते ८० युनिट परत मिळतात. सह्याद्रीचा उभा कडा अशा प्रकल्पांना अनुकूल आहे आणि राज्यात असे अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत. पण त्यासाठी घाटमाथ्यावरचे जंगल किती द्यायचे, याचा हिशेबही मांडावा लागेल. मोठ्या बॅटऱ्यांना डोंगर लागत नाही आणि त्यांच्या किमती गेल्या काही वर्षांत वेगाने उतरल्या आहेत.

याहून स्वस्त मार्ग म्हणजे मागणीच उन्हाच्या वेळेत नेणे. राज्यातील शेतीपंपांना वर्षानुवर्षे आलटून पालटून रात्रीची वीज मिळत आली. साप-विंचू आणि बिबट्याच्या भीतीने शेतकरी हातात बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सौर प्रकल्प उभारून कृषिवाहिनीला दिवसा वीज देण्याचा मार्ग निवडला आहे. यात शेतकऱ्याची झोप वाचते, वीज लांबून आणताना होणारी गळती कमी होते आणि रात्रीचा कोळशावरचा भारही हलका होतो. शहरांसाठी असाच विचार वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांमागे आहे. दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग वीज असेल, तर कारखान्यांच्या पाळ्या, सोसायट्यांचे पाण्याचे पंप आणि विजेवरील वाहनांचे चार्जिंग दुपारकडे वळू शकते. मात्र जो दिवसभर कामावर असतो त्याला हा बदल सहज जमणार नाही, हे दर ठरवताना ध्यानात ठेवावे लागेल.

२०३० पर्यंत ५०० गिगावॉट म्हणजे ५ लाख मेगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचे लक्ष्य देशासमोर आहे. त्या वाटेवर मेगावॉटचे नवे विक्रम जाहीर होत राहतील. चंद्रपूरच्या रहिवाशांसाठी त्याहून महत्त्वाचे आकडे दोन आहेत. रात्री आठ वाजता किती वीज कोळशाविना आली आणि वर्षभरात किती टन कोळसा कमी जळाला. हे दोन आकडे बदलू लागले की ऊर्जेतील स्थित्यंतर तिथल्या श्वासापर्यंत पोहोचले, असे म्हणता येईल.