बंद पडलेलं मशीन परवडतं

"मशीन चालतंय ना? मग हात लावू नका." मसाल्याच्या किंवा फरसाणाच्या कारखान्यात पॅकिंग मशीनच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, विषय निघाला, की मालकांचं हे उत्तर ठरलेलं असतं. बिघडलं तर बोलावू, वर्षाचे पैसे आधीच कशाला मोजायचे?

याला अडाणीपणा म्हणून हसणारे सर्व्हिसवाले मला पटत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाने लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या, तर नियमित तपासणीच्या लगेच नंतरच बिघाड वाढलेले निघाले. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी दाखवून दिलं, की विमानाच्या बहुतेक भागांचा बिघाड वयावर अवलंबून नसतो. विनाकारण खोललेलं यंत्र बिघडतं, हे मालकांचं म्हणणं खरंच आहे.

पण घासून झिजणाऱ्या साध्या भागांना वय असतं, हेही याच दोघांनी सांगितलं. पाऊच मशीनमध्ये दुसरं असतं काय? पाकीट तापवून चिकटवणारा सीलिंग जॉ, त्यावरचं टेफ्लॉनचं कापड, कटरचं ब्लेड, फिल्म ओढणारे पट्टे, पावडर मोजून सोडणारा ऑगर. त्यात मिरचीपूड, जी बेअरिंगपासून ऑपरेटरच्या डोळ्यांपर्यंत कुठेही शिरते.

"बिघडलं तर बोलावू" यातली खरी चूक वेगळीच आहे. बिघडणं म्हणजे बंद पडणं, असं त्यात धरून चाललेलं असतं. बंद पडलेलं मशीन निदान बोंब तरी मारतं. जॉचं तापमान मोजणारा थर्मोकपल सैल झाला, तर पॅनेलवर आकडा बरोबर आणि जॉ मात्र भलताच तापलेला. सील जळतं आणि पाकीट फुटतं ते दुकानदाराच्या फळीवर. ऑगर झिजला की वजन हलायला लागतं. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटात जास्तीत जास्त ९ ग्रॅम तूट चालते, शिवाय नमुन्याची सरासरी कमी भरून चालत नाही. म्हणून ऑपरेटर घाबरून सेटिंग वर चढवतो. समजा दोनच ग्रॅम. मिनिटाला ४० पाकिटं धरली, तर आठ तासांत १९,२०० पाकिटं, म्हणजे ३८ किलोंहून जास्त मसाला फुकट गेला. आणि मालक खूश, कारण मशीन एक मिनिटही थांबलेलं नाही!

बाजारातले बरेच करार मात्र चहा पिऊन रिपोर्टवर सही घेण्यापुरतेच असतात. तसल्या कराराची वकिली मी करणार नाही. करारात जॉच्या दोन्ही टोकांचं प्रत्यक्ष मोजलेलं तापमान आणि सलग भरलेल्या पाकिटांची वजनं लिहून देण्याची अट हवी; रिपोर्टवर नुसतं "ओके" चालणार नाही. हीटर, ब्लेड, टेफ्लॉन कोणाच्या खर्चाने, हेही आधीच ठरावं. नुसत्या मजुरीच्या करारात खरा वाद तिथेच पेटतो. कंप्रेसरच्या हवेतलं पाणी रोज काढणं, जॉवर ब्रश फिरवणं ही कामं ऑपरेटरचीच, त्यासाठी इंजिनिअर नको.

भेटीच्या तारखा हंगाम बघून ठराव्यात. फरसाणवाल्यांनी मोठी तपासणी दिवाळीच्या बरीच आधी उरकावी, मसालेवाल्यांनी फेब्रुवारीत. ऐन एप्रिलमध्ये "ड्यू डेट आहे" म्हणून जॉ खोलायला आलेल्या इंजिनिअरला, करार असला तरी, गेटवरूनच परत पाठवावं.