निघालो उत्तरेला!



ह्यूस्टनचं बिऱ्हाड मोडून आम्ही अलास्कात, फेअरबँक्सला निघालोय. "नागपूरचा ना तू? तुला उन्हाची सवय असेल," असं सगळे म्हणतात. अहो, सवय वेगळी आणि आवड वेगळी! कूलरसमोर बसून काढलेल्या मे महिन्यातल्या दुपारी मी विसरलेलो नाही.

तयारी जोरात आहे. गाडीला ब्लॉक हीटर बसवायचाय. तिकडे थंडीत पार्किंगमध्ये गाडीचा प्लग लावून ठेवतात. जूनच्या उजेडी रात्रींसाठी जाड पडदे, डिसेंबरच्या चार तासांहूनही लहान दिवसांसाठी व्हिटॅमिन डी. उणे ४० ला फॅरनहाइट आणि सेल्सियस एकच, त्यामुळे आईला फोनवर हिशोब करून सांगायची कटकट तेवढी वाचेल.

आई दर हिवाळ्यात आमच्याकडे यायची. परवा म्हणाली, "तुला थंडी आवडते रे, माझ्या गुडघ्यांना नाही." मी गप्पच झालो.

शेवटी ठरलं: उन्हाळ्यात तिने यायचं, डिसेंबरात मी नागपूरला जायचं, संत्री खायला. नव्या ऑफिसात रुजू होण्याआधीच तेवढी रजा मागून घेतलीय.

बाकी, त्या बाजूला कुणी राहिलं असेल तर दही कसं लावता, ते जरूर कळवा.

लोभ असावा.