भाडेकरूची चाळणी आणि यंत्राचा कौल

पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्यास आजवर एजंट, घरमालक आणि सोसायटीची कमिटी अशी तीन दारे ओलांडावी लागत. आता चौथे दार उभे राहिले आहे. आधार आणि पॅन क्रमांक दिले की अर्जदाराची ओळख, पत्ता व न्यायालयीन नोंदी तपासून अहवाल देणाऱ्या संगणकीय सेवा बाजारात आल्या आहेत.

तपासणीची गरज कोणी नाकारत नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले, ही आठवण शहर विसरलेले नाही. परंतु भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविणे म्हणजे त्यांची परवानगी घेणे नव्हे, हा भेद अनेक कमिट्या सोयीस्करपणे विसरतात.

यंत्राला जातधर्म दिसत नाही, असे सांगितले जाते. ‘तुमच्यात मांसमच्छी चालते ना?’ हा प्रश्न ऐकून जिन्यावरूनच परतलेल्या आपल्यापैकी अनेकांना ते दिलासादायक वाटेल. पण यंत्र नावे जुळवते, आणि एकाच नावाचे गायकवाड, साळवे वा डिसोझा या शहरात कितीतरी असतील. एकाचा खटला दुसऱ्याच्या माथी लागला, तर त्या बिचाऱ्याला ‘घर गेले’ एवढेच कळणार. कारण कळणार नाही. अमेरिकेत सेफरेंट या कंपनीच्या गुणांकन पद्धतीमुळे कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि सरकारी घरभाडे-साहाय्य घेणाऱ्या अर्जदारांवर अन्याय होतो, असा दावा दाखल झाला होता. २०२४ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता २२ लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच वर्षीच्या जागतिक शांतता दिनाच्या संदेशात, गृहकर्ज मागणाऱ्याची विश्वासार्हता उद्या यंत्रे ठरवतील, याकडे लक्ष वेधले होते.

आपल्याकडे अशा दाव्याला आधार तोकडा आहे. संविधानाचे कलम १५(२) दुकाने व हॉटेलांतील प्रवेशात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. खासगी घरभाड्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे एका रात्रीच्या खोलीला संरक्षण आहे, अकरा महिन्यांच्या घराला नाही! झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधीही वैध मानली.

थोडी आशा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. ज्या माहितीवरून व्यक्तीबाबत निर्णय होणार, ती अचूक व पूर्ण ठेवण्याची जबाबदारी तो ती वापरणाऱ्यावर टाकतो आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्कही देतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; या मुख्य तरतुदींसाठी मात्र तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर नकार मिळालेल्याने निदान अहवालाची प्रत लेखी मागावी.