डोळ्याआडचा सूर्य

पहाटे ओंजळीतून अर्घ्य सोडताना ज्या सूर्याला आपण हात जोडतो, तो आपल्याला फार थोडा दिसतो. त्याचे बरेचसे अतिनील किरण वातावरणातला ओझोन अडवतो, म्हणून तर आपण जगतो. पण सूर्यावरच्या वादळांचा माग याच किरणांत दडलेला असतो. तो काढायचा, तर दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते.

२ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या इस्रोच्या ‘आदित्य-एल१’ने ती नेली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, जिथे ना रात्रीची आडकाठी ना ग्रहणाची, तिथून हे यान सूर्यावर नजर लावून आहे. त्यावरची ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात घडली, याचा आम्हाला मनापासून अभिमान वाटतो. ११ फिल्टरांमधून ती सूर्यबिंबाचे थर एकेक करून उलगडते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक्स ६.३ या अतितीव्र श्रेणीची सौरज्वाला उसळली, तेव्हा सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरांत लखलखून उठलेला तेजस्वी ठिपका ‘सूट’ने अचूक टिपला.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, आणि बाहेरचा किरीट मात्र १० लाख अंशांहून तप्त! चुलीपासून दूर सरावे आणि धग वाढतच जावी, असे हे कोडे. त्याचे पूर्ण उत्तर अजून मिळायचे आहे. ते शोधणारी मुले आपल्या गावोगावच्या शाळांतून पुढे यावीत, हीच तळमळ. हा अंक त्यांच्या हाती देत आहोत.