पांदण, गायरान आणि आपला वखर



सीतादही होऊन पहिली वेचणी निघते आणि नेमका परतीचा पाऊस येतो. कापूस वावरात, बंडी गावात आणि मधल्या पांदणीत गुडघाभर चिखल. मग बाया डोक्यावर गाठोडी घेऊन धुऱ्याधुऱ्याने वाट काढतात. हीच पांदण गावाच्या नकाशावर पाहा. तिथे ती चांगली रुंद दिसते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एक बंडीही नीट जात नाही. मग बाकीची पांदण गेली कुठे? दोन्ही बाजूंच्या वखरांनी ती दरसाल वीतवीत खाल्ली. तो वखर सरकारचा नव्हता, आपलाच होता. सरकारला जाब विचारण्याआधी एवढे कबूल करू.

आता सरकारकडे वळू. लातूर जिल्ह्यातल्या औशाचे आमदार अभिमन्यू पवार यांनी शेतरस्त्यांचा विषय लावून धरला. मे २०२५ मध्ये महसूल खात्याने निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत व्हावी. निर्णय चांगला आहे. ज्याने काम केले त्याला चांगले म्हणायला आपली जीभ अडखळू नये, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. पण रस्त्यावर मुरूम पडतो, बिल निघते, उद्घाटनाचा फलक लागतो. म्हणून रस्त्याला वाली मिळतो. गायरानाला कोण वाली? तिथे उद्घाटन करण्यासारखे काहीच नसते.

आपल्या वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक गाठ आहे, झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भात महसुली कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून लिहिलेली जमीन म्हणजे मुरमाड, काटेरी, ढोरे चारण्याची जागा. मे २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे ही जमीन वनच समजायची. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा मामला. जमीन बिल्डरच्या घशात जाणार नसेल तर आनंदच आहे. पण उद्या तिथे फाटक लागले आणि गुराख्यालाच चोर ठरवले, तर जमीन वाचून गावाच्या हाती काय आले?

कोणी म्हणेल, आता ढोरे राहिलीतच किती, गायरान कशाला? उलटे बोलणे झाले. संकरित ज्वारीने कडबा आखूड केला, सोयाबीनने ज्वारीच उठवली. कडबा गेला तेव्हा गायरान आधाराला हवे होते, तेही आक्रसले. मग ढोरे विकली, शेणखत आटले. काळ्या जमिनीतला सेंद्रिय अंश घटला की पाणी धरण्याची ताकद घटते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे भांडवल ते धरलेले पाणीच. भाद्रपदात पंधरा दिवस उघाड पडली की पऱ्हाटी माना टाकते, त्याचे एक कारण गावाच्या वेशीवरच्या गायरानात आहे. आर्वी, आष्टी, कारंजा भागातली आपली गवळाऊ गाय चराईवर जगणारी. तिचे कौतुक प्रदर्शनात करायचे आणि तिचे कुरण वाटून टाकायचे, हा कसला न्याय?

हक्क मात्र कागदावर आहे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. गावाची पडीत, झाडे, कुरणे सरकारकडे गेली, पण गावाचा निस्तार कायद्याने राखला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कलम १६१ प्रमाणे प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक असते. ढोरे कुठे चारायची, सरपण, मुरूम, माती कुठून घ्यायची, हे त्यात येते. ग्रामपंचायतीने मागितले तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्यात दुरुस्ती करू शकतात. कलम १६५ चे वाजिब-उल-अर्ज तर खासगी वावरातून जाणाऱ्या वहिवाटीचीही नोंद ठेवते. आपल्यापैकी किती जणांनी हे कागद डोळ्यांनी पाहिले आहेत? संहितेत पुढे कलम २२-अ घालून गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर बंधन आणले. तरी 'सार्वजनिक प्रयोजन' नावाची खिडकी उघडीच आहे. आमदारांचे खरे काम ती खिडकी अरुंद करण्याचे आहे.

एक सावधगिरी. गायरान वाचवा म्हणताना बुलडोझर भूमिहीनाच्या झोपडीवर जाऊ देऊ नका. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो पोटासाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. तो शब्द पाळलाच पाहिजे. ज्याचे स्वतःचे वीस एकर असून गायरानात पाच एकर नांगरलेले आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. तो आपल्या सभेत पुढच्या रांगेत बसत असला तरीही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कामे करून यावे. तहसीलमधून निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि गावनकाशाची नक्कल काढावी. ग्रामसभेत ठराव घेऊन मोजणी मागावी, आणि झुडपी जंगलात चराईचा हक्क कायम राहावा हे त्याच ठरावात लिहावे. ज्याची पांदण नव्याने अडली, त्याने सहा महिन्यांच्या आत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा टाकावा. मुदत गेली की हा सोपा मार्ग बंद.

पुढाऱ्यांना सभामंडप मागू नका, हायमास्ट दिवा मागू नका. गायरानासाठी विधानसभेत किती वेळा उभे राहिलात, एवढेच विचारा. आणि ते विचारण्याआधी आपापला वखर पांदणीतून मागे घ्या. त्याला कोणाच्या शासन निर्णयाची गरज नाही.