उन्हवऱ्याचे पाणी आणि भिवापूरचा सातरा

भिवापूरच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या जागांवर, तांबडी मिरची पसरलेली असावी, देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची आग रात्रीही शमत नसावी, आणि नेमक्या त्याच सुमारास अवकाळी पावसाने सारा ढीग काळवंडावा, हा अनुभव आमच्या तालुक्याला नवा नाही; भौगोलिक मानांकन लाभलेल्या या मिरचीचे मोलही अखेर उन्हाच्याच स्वाधीन असते. उन्हाला पर्याय ठरेल असा उष्णोदकाचा झरा मात्र आमच्या हद्दीत नाही. म्हणूनच ज्या गावांना निसर्गाने बारमाही ऊब दिली, त्यांनी ती ओढ्यात सोडून द्यावी, याची मला मनापासून खंत वाटते.

पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. दापोली तालुक्यातील उन्हवरे येथे ते सत्तर अंशांच्या आसपास असते. तानसाकाठची अकलोली-गणेशपुरी, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ-राजवाडी, पैनगंगेकाठचे उनकेश्वर, सर्वत्र त्याचा मुख्य उपयोग स्नान हाच. त्यामागील श्रद्धा मला आदरणीय आहे, आणि कुंडाचा हक्क पहिलाच असावा. प्रश्न आहे तो कुंडातून वाहून जाणाऱ्या पाण्याचा. उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी ते नळ्यांतून खेळवून त्या नळ्यांवरून वारा सोडला, तर वाळवणाला पुरेशी कोरडी, उष्ण हवा मिळते आणि पाण्याचा थेंबही मालाला लागत नाही. कोकणात आमसुले नि फणसपोळी वाळण्याआधीच मृगाचा पाऊस गाठतो. तेथे या सोयीचे महत्त्व काय सांगावे!

अमेरिकेतील बॉयझी शहरात १८९२ पासून अशा पाण्याने घरे उबदार ठेवली जातात. १९८३ पासून तेथील नगर प्रशासन स्वतःची नळयोजना चालवते आणि आता वापरलेले पाणी भूगर्भात परत सोडते. आपल्याकडेही राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये अपारंपरिक ऊर्जा नमूद आहे. मात्र त्या नोंदीला अंमलबजावणीची आणि पैशाची जोड हवी.

वीजनिर्मितीच्या भव्य योजनांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्हा परिषदेने भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून उन्हवऱ्याच्या झऱ्याचा प्रवाह आणि तापमान वर्षभर मोजून घ्यावे, एका वाळवणगृहाची तरतूद येत्या अंदाजपत्रकात करावी, ते महिला बचत गटाच्या हाती सोपवावे, आणि त्याचे भाडे तालुक्याच्या कचेरीत न जाता ग्रामपंचायतीच्याच खात्यात जमा व्हावे.