सैनिक पेटीभर, गावकरी कुठे?



लुटूपुटूची लढाई तुमच्यापैकी कोण खेळलं नाही? युरोप-अमेरिकेत तर या खेळाचा रीतसर छंद आहे. टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडायचं. बोटाच्या पेराएवढे सैनिक उभे करायचे, पट्टीने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं, कोण वाचलं ते ठरवायचं. नोकरीधंदा सांभाळणारी मोठी माणसंसुद्धा यात तासन्‌तास रमतात!

पण या छंदात एक अडचण आहे. पेटी उघडावी तर आत सैनिकच सैनिक. टेबलावर घरं आहेत, विहीर आहे, बाजारचौक आहे, पण विहिरीवर बाई नाही की चौकात भाजीवाला नाही. मग हे गाव आहे तरी कुणाचं?

ही तक्रार जुनीच आहे बरं का! ‘टाइम मशीन’ लिहिणारे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स आपल्या दोन मुलांबरोबर जमिनीवर बसून असले खेळ खेळत. 1911 साली त्यांनी ‘फ्लोअर गेम्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात ते दुकानदारांवर रुसलेच आहेत. सैनिक हवे तेवढे मिळतात, पण खाटीक, पाववाला, न्यायाधीश अशी साधी माणसं का मिळत नाहीत? ती असती तर खेळात कितीतरी जास्त मजा आली असती, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी, 1913 साली, त्यांनी सैनिकांच्या खेळाचे नियम सांगणारं ‘लिटल वॉर्स’ म्हणजे ‘छोटी युद्धं’ हे पुस्तक लिहिलं.

गंमत पाहा, ‘छोटं युद्ध’ याला स्पॅनिश भाषेत शब्द आहे ‘गेरिया’. त्याचंच आपण ‘गोरिला’ करून टाकलं! माकडाशी त्याचा काही संबंध नाही. 1808 साली नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापलं. 2 मे रोजी माद्रिदचे साधे लोक त्यांच्यावर उठले. तो उठाव मोडला गेला, पण खेडोपाडी शेतकरी, मेंढपाळ, काही ठिकाणी तर मठातले साधूही बंदुका घेऊन डोंगरात शिरले. ही ‘छोटी लढाई’ 1814 पर्यंत चालली आणि तिथूनच हा शब्द जगभर गेला. आपल्याकडे ‘गनिमी कावा’ त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून होता, हे तुम्हाला माहीत आहेच.

तर आज आपण स्पेनमधलं एक गाव टेबलावर वसवू या. फ्रेंच सैनिक पेटीत मिळतील. बाकीची माणसं शोधायची कशी?

आधी मापाचं गणित. खेळातले बरेच सैनिक 1:72 या प्रमाणाचे असतात. म्हणजे 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस 72 ने भागला की साधारण 24 मिलिमीटरचा होतो. घेण्याआधी पट्टी लावून पाहा. दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. खऱ्या गावात तरी सगळे एका उंचीचे कुठे असतात?

आता पहिली जागा, म्हणजे दुसऱ्याच लढाईच्या पेट्या. काउबॉयच्या पेटीत रुंद काठाच्या टोप्या असतात. कमरेचं पिस्तूल तासून काढा, पोटाभोवती लाल पट्टा रंगवा, की झाला स्पॅनिश शेतकरी! रॉबिन हूडच्या पेटीत जाडजूड साधू असतो. तो तर जसाच्या तसा चालतो. (पातं वापरायचं काम मात्र मोठ्यांचं.)

दुसरी जागा, खेळण्यातल्या आगगाड्या. त्यांच्या फलाटांसाठी प्रवासी, हमाल, बाजारहाट करणाऱ्या बायका विकत मिळतात. जर्मनीतली प्रायझर कंपनी तर अशा माणसांसाठीच प्रसिद्ध आहे. ही बरीचशी 1:87 प्रमाणाची, म्हणजे जेमतेम 20 मिलिमीटरची असतात. पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा लावला की फरक लपतो. पण त्यांचे कपडे नव्या काळाचे, म्हणून ती 1808 च्या स्पेनमध्ये शोभत नाहीत. ती शोभतात ऑगस्ट 1944 च्या पॅरिसमध्ये. तिथे साधे नागरिक दंडाला पट्टी बांधून जर्मन फौजेविरुद्ध लढले होते. फलाटावरच्या प्रवाशाच्या दंडाला कागदाची बारीक पट्टी चिकटवा, की झाला लढवय्या!

तिसरी जागा, आपले हात. तारेचा सांगाडा करा, त्यावर एम-सील मळून लावा आणि टाचणीने चेहरा, घड्या, टोपली कोरा. एम-सील हाताळताना हातमोजे घाला. प्लॅस्टिकची माणसं रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुऊन त्यांना पातळ फेव्हिकॉलचा हात द्या, म्हणजे रंग सुटणार नाही.

एक बाई मात्र तुमच्या गावात हवीच. तिचं नाव आगुस्तिना. 1808 साली सारागोसा शहराला फ्रेंचांचा वेढा पडला होता. ही बावीस वर्षांची तरुणी गोलंदाजांना जेवण पोचवायला गेली, तर तोफेजवळचे सगळे पडलेले! तिने स्वतः तोफ डागली आणि फ्रेंच मागे हटले. म्हणून तिच्या हातात टोपली द्या, बंदूक नको.

आता खेळ. स्पेनमध्ये फ्रेंचांचे खलिते वाटेतच पळवले जात. पत्र पोचवायचं तर सोबत मोठी तुकडी द्यावी लागे. तुमच्या दहा फ्रेंच सैनिकांनी खलिता घेऊन गाव ओलांडायचं. गावात बारा माणसं. त्यांतल्या चौघांच्या तळाला ‘ल’ म्हणजे लढवय्या आणि आठांच्या तळाला ‘ग’ म्हणजे गावकरी अशी चिठ्ठी चिकटवा. फ्रेंच खेळाडूने ती आधी बघायची नाही. सैनिक जवळ पोचला तर तो माणसाला थांबवून तळ पाहू शकतो, पण त्यात एक डाव जातो. दुरूनच गोळी झाडली आणि तो ‘ग’ निघाला, तर तीन गुण गेले. शिवाय दुसऱ्या एका गावकऱ्याच्या चिठ्ठीवर ‘ल’ लिहायचं. का? ज्याचा भाऊ विनाकारण मारला गेला, तो दुसऱ्या दिवशी काय करेल?

हे खरंच घडलं होतं. माद्रिदच्या उठावानंतर फ्रेंचांनी लोकांना पकडून, भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. 1814 साली गोया या चित्रकाराने 3 मेच्या त्या रात्रीचं चित्र काढलं. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस हात पसरून उभा आहे. त्याचा चेहरा आपल्याला स्पष्ट दिसतो. गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांचे चेहरे मात्र दिसतच नाहीत.

आईबाबांनो, मुलं लढाई खेळतात म्हणून काळजी वाटते ना? मग टेबलावर गावकरी येऊ द्या. बंदूक रोखण्याआधी समोर कोण आहे ते पाहायचं, हे या खेळात आपोआप कळतं. आणि आपल्याला हे नवीनही नाही. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी गवळण, शेतकरी, विहीर आपण मांडतोच की!

तर दोस्तांनो, तुमच्या गावात कोण कोण राहायला आलं, ते आम्हाला जरूर कळवा. आणि हो, प्रत्येकाला एक नाव द्या. मग बघा, त्याच्यावर फासा टाकताना हात कसा थबकतो ते!